शेजारचा माळ

नांदेडहून लातूरकडे जाणारी एसटी लोहा सोडून माळेगावला लागली की मी खिडकीशी सरकून बसतो. खंडोबाच्या यात्रेचं ते गाव मागे पडतं आणि अहमदपूरपर्यंत बुटके, सपाट माथ्याचे डोंगर सोबत करतात. बालाघाटाची ही पूर्वेकडे उतरत, विरत गेलेली टोकं. कुणाच्या कुशीत खडी केंद्राचा पट्टा तिरका उभा असतो, कुणाची निम्मी बाजूच कापून नेलेली असते. खाण चालू आहे की बंद पडली आहे हे लांबून ओळखायची माझी एक खूण आहे. आसपासच्या लिंबांकडे बघायचं. पानं राखाडी दिसली तर क्रशर चालू आहे. पहिल्या पावसात धुऊन निघालेली पानं दिवाळीपर्यंत हिरवीच राहिली, तर समजावं की इथलं काम संपलं, पोकलेन आणि हायवा दुसऱ्या डोंगराला लागले.

अशा बंद खाणीत भाद्रपदात उतरावं. उन्हाळ्यात ती बघवत नाही. तापलेला काळा दगड, तळाशी डबर, कुठं गंजलेली तार, कुठं फाटका टायर. पण दोन महिन्यांचा पाऊस पिऊन झाल्यावर तिचं रूप पालटतं. कडेला टाकलेल्या मुरुमाच्या ढिगांवर कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे डोलतात. तरोटा पिवळा फुललेला असतो. तळाच्या खड्ड्यात पाणी साठून त्यात पाणकणसाची दाट रांग उभी राहते आणि त्या रांगेच्या आडून टिबुकली बुडी मारते, कुठं वर येईल याचा नेम लागत नाही. कापलेल्या कड्यावर, मुरूम जिथं मऊ आहे तिथं, वेड्या राघूंची भोकं असतात. त्याखालच्या कठीण पाषाणात पाकोळ्यांची मातीची घरटी. एकदा संध्याकाळी वरच्या कंगोऱ्यावर शृंगी घुबड बसलेलं दिसलं. ते माझ्याकडे बघत राहिलं, हललं नाही. सुरुंगाच्या आवाजानं हा कडा हादरत होता त्याला फार वर्षं झालेली नव्हती.

इथला दगड कुठं गेला, हे वेगळं सांगायला नको. नागपूर-तुळजापूर महामार्ग चौपदरी झाला तेव्हा या पट्ट्यातले डोंगर त्याच्या पोटात गेले. नांदेड आणि लातूर ही शहरं गेल्या तीस वर्षांत चहूबाजूंनी पसरली. त्यांच्या स्लॅबमध्ये, जोत्यांमध्ये, कोचिंग क्लासेसच्या चार-चार मजल्यांमध्ये हाच काळा दगड गिट्टी होऊन बसला आहे. आधी मुरूम खरवडून बाजूला लोटायचा, मग ड्रिलनं भोकं पाडायची, जिलेटिन भरायचं, फोडायचं, आणि फुटलेला दगड क्रशरच्या जबड्यात घालून चाळीस, वीस, दहा अशा मापांनी वेगळा करायचा. उरते ती कच. आता तर तीही उरत नाही. नदीची वाळू संपत चालली म्हणून बारीक दळलेल्या दगडाचीच वाळू करतात. नदी वाचवायची तर डोंगर दळायचा, असा हा हिशेब होऊन बसला आहे आणि तो मला फार अस्वस्थ करतो.

खाणीच्या कड्याकडे नीट बघितलं की एक गोष्ट दिसते जी डोंगर अखंड होता तेव्हा दिसत नव्हती. काळ्या पाषाणाच्या दोन जाड थरांच्या मधे कधीकधी वीतभर, हातभर रुंदीची तांबडी पट्टी असते. बोटानं खरवडली तर गेरूसारखी हाताला लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या सगळ्या मुलखात जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. तो एकदाच वाहून थांबला नाही. एक पूर यायचा, थिजायचा, मग मोठा खंड पडायचा. त्या खंडात थिजलेला खडक ऊनपावसानं झिजायचा, त्याच्यावर मातीचा थर धरायचा. मग पुढचा पूर यायचा आणि त्या मातीला भाजून काढायचा. ती भाजलेली माती म्हणजे ही तांबडी पट्टी. म्हणजे ज्या कड्याला आपण डोंगराची जखम म्हणतो, त्याच कड्यावर जमीन पूर्वी कितीदा जळली आणि कितीदा पुन्हा माती झाली याची नोंद आहे. माणसाच्या हातात तेवढा वेळ नाही, हे खरंच. पण पाषाणाची माती होते, आणि ती कुणी न करता होते, एवढं तरी त्या पट्टीवरून कळतं.

या पाषाणाची जाडी किती, याचं उत्तर आपल्याला एका मोठ्या दुःखानंतर मिळालं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. भूकंपानं किल्लारी आणि आसपासची गावं कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. इथली जुनी घरं माळवदाची. भुईखालचा दगड काढून मातीत रचलेल्या हात-दोन हात रुंदीच्या भिंती आणि वर मातीचं जड छत. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच भिंत त्या पहाटे अंगावर आली. पुढं शास्त्रज्ञांनी किल्लारीला जमिनीत ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचे ३३८ मीटर हा काळा पाषाण, मग ८ मीटर गाळाचा थर, म्हणजे लाव्हा येण्याआधीची भुई, आणि त्याखाली त्याहून कितीतरी प्राचीन स्फटिकमय खडक. नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे गेलं की हा पाषाण संपतो आणि तोच प्राचीन खडक उघडा होऊन गोल गुळगुळीत धोंड्यांच्या रूपानं शेतांतून डोकं वर काढतो. किल्लारीची माणसं नव्या गावठाणात गेली. जुन्या गावच्या ढिगाऱ्यांवर बोरी-बाभळी उगवल्या. तिथं मी फार वेळ थांबू शकलो नाही. ओसाड जागा हिरवी झाली म्हणून आनंद मानावा, असं प्रत्येक ठिकाणी होत नाही.

खाणीत हिरवं येतं कसं, हे बघायला बसलं तर दिवस पुरत नाही. जिथं कड्यावरून पाणी ओघळतं तिथं पहिल्या एक-दोन पावसाळ्यांतच काळसर डाग पडतात. पावसाची रेघ वाटावी असे ते डाग म्हणजे दगडावर धरलेलं सूक्ष्म शेवाळ. सावलीच्या बाजूला, ओल जरा टिकते तिथं, दगडफुलाच्या राखाडी-हिरवट चकत्या येतात. दगडफूल आपल्या अंगच्या आम्लानं पाषाणाला कणाकणानं सैल करत असतं. पण सपाट, ताज्या फुटलेल्या पाषाणावर हे काम इतकं संथ चालतं की एका माणसाच्या आयुष्यात त्यात फरक दिसणार नाही. घाई असते ती भेगांना आणि मुरुमाला. सुरुंगानं कड्याला पडलेल्या चिरांत कच आणि धूळ साचते, मुंग्या त्यात दाणे नेऊन टाकतात. बुलबुल लिंबोळी खाऊन कड्यावर बसतो आणि बी तिथंच टाकतो. वडा-पिंपळाचं बी पाखरांच्या पोटातून आलं की त्याला माती लागत नाही, चीर पुरते.

गवतांचं मला विशेष वाटतं. कुसळीचं बी कधी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. त्याच्या लांब, पीळ घातलेल्या शेपटाला ओल लागली की पीळ सुटायला लागतो, सुकलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानं बियांचं टोकदार तोंड मुरुमात रुतत जातं. ज्या खडकाला भोकं पाडायला माणसानं कॉम्प्रेसर आणला, त्याच खडकाच्या भुग्यात हे काडीएवढं गवत रात्रीच्या दवावर भोक पाडतं. पवन्या आणि मारवेल यांचं बी हलकं, लवदार. ते वाऱ्यावर येतं. बाभळीचं बी शेळ्या आणतात. शेंगा खाल्ल्या, लेंडीतून बी पडलं, आणि पोटातून जाऊन आल्यानं त्याचं कठीण कवच मऊ झालेलं असतं, म्हणून ते लवकर रुजतं. शरपुंखा येतो, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत आणतात. मग त्याच्या आधारानं दुसरं काही. कुणी कुणाला बोलावलेलं नसतं. पण आधी आलेला पुढच्यासाठी जागा करून ठेवतो.

एका खाणीत मला एक म्हातारे वडार भेटले. याच खाणीत त्यांनी मशीन यायच्या आधी पहार, घण आणि सुतकीनं दगड काढला होता. दगडाला शीर असते, ती सापडली की घणाचे चार घाव पुरतात, नाही सापडली तर दिवस जातो, असं ते सांगत होते. बोलताना त्यांचा हात कड्यावरून फिरत होता. कड्याच्या मध्यावर एका चिरेत पुरुषभर उंचीचा पिंपळ उभा होता. मी विचारलं, “मामा, हे कुणी लावलं?”

“कोन लावतंय सर? पाखराची पेरणी हाय ही,” ते म्हणाले. “आमी फोडलालो तवा इथं काडी नव्हती. आता बगा की, गवत आपल्यालाच येलालंय.”

“पण येतंय कुठून?”

त्यांनी खाणीच्या वर, डोंगराच्या न कापलेल्या अंगाकडे बोट केलं. “त्या माळावरून. दिवाळी झाली की वारा तिकडूनच येतो. तो माळ हाय म्हनून हे हाय.”

त्या वेळी ते वाक्य मी नुसतं ऐकलं. पुढं दुसरी एक खाण बघितली आणि ते वाक्य उभं राहिलं. ती खाणही तेवढ्याच वर्षांपूर्वी बंद पडलेली, दगड तोच, पाऊसही तोच. पण तिच्या चारी बाजूंनी काळी रानं होती, ऊस आणि सोयाबीन, आणि एका अंगाला गावाचा कचरा टाकायची जागा. तिथं कुसळी नव्हती, पवन्या नव्हतं. होतं ते गुडघाभर गाजरगवत, आणि पाण्याच्या कडेनं बेशरमाची गर्दी, आणि त्यामागं वेडी बाभूळ, काट्यांची भिंत करून. हिरवं म्हणाल तर ती खाणही हिरवीच होती. लांबून फोटो काढला असता तर दोन्हींत फरक कळला नसता. पण या दुसऱ्या खाणीत टिटवी ओरडली नाही, गवतावर फुलपाखरं नव्हती, आणि एखादी शेळी आत शिरली तर तोंड लावावं असं तिला काही नव्हतं.

युरोपात चेक प्रजासत्ताकाच्या उत्तरेला आपल्यासारखाच काळ्या पाषाणाचा, जुन्या ज्वालामुखींचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या सोडून दिलेल्या खाणींचा कारेल प्राख आणि यान नोव्हाक या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. खाणी कुणी न लावता, न पेरता आपोआप कशा भरून येतात, हे त्यांना बघायचं होतं. २००३ साली त्यांनी जे मांडलं ते थोडक्यात असं, की खाणीत पुढं काय उगवणार हे फार मोठ्या प्रमाणात तिच्या शेजारी काय उरलंय यावर ठरतं. जवळपास जुना गवताळ माळ शिल्लक असेल तर त्या माळावरची दुर्मीळ गवतं आणि फुलं खाणीत उतरून येतात. नसेल तर जे कुठंही उगवतं तेच तिथंही उगवतं. वाचताना मला मामांचं बोट आठवलं. घणाचे घाव घालून हाताला घट्टे पडलेल्या माणसानं कड्याखाली उभं राहून जे सांगितलं, तेच दूरदेशीच्या अभ्यासकांनी खाणीमागून खाण बघून नोंदवलं होतं.

म्हणून आता कुठं खाण भरून येताना दिसली की मी आधी तिच्या शेजारी बघतो. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट आहे. बेट म्हणजे पाण्यातलं नव्हे. सपाट रानातून एकटाच वर आलेला डोंगर. औषधी वनस्पतींसाठी ते प्रसिद्ध आहे, पावसाळ्यात जाणकार आणि विद्यार्थी तिथं मुळ्या-पानं ओळखायला येतात. आजूबाजूचं सगळं रान नांगराखाली गेलं तेव्हाही ते बेट देवाच्या नावानं आणि चढाच्या आडोशानं टिकलं. अशी लहानमोठी बेटं, देवस्थानांच्या राया, गायरानाचे तुकडे, ओढ्याकाठचे बांध नांदेड-लातूर या दोन जिल्ह्यांत अजून आहेत. सरकारी कागदांत त्यांतल्या पुष्कळ जागा पडीक म्हणून लागलेल्या असतात. पडीक म्हटलं की ती कशालाही द्यायला मोकळी झाली. सौर प्रकल्प काढा, गोदाम बांधा, मुरूम उचला. पण उद्या ज्या खाणी बंद पडणार आहेत त्यांचं बियाणं याच पडीक जागांत साठवलेलं आहे. मराठवाड्यात पेरणीसाठी बी राखून ठेवलेलं पोतं उपाशी माणूसही सहसा फोडत नाही. माळाच्या बाबतीत मात्र आपण ते पोतं कधीच फोडून बसलो आहोत.

जुन्या लोकांनीही डोंगर फोडले, ते काही कमी नाहीत. औसा आणि उदगीर इथल्या भुईकोटांचे खंदक दगडात खोदले आहेत. असे खंदक खोदताना निघालेला दगड तटाबुरुजांना लागत असे. कंधारच्या किल्ल्याला पाण्याचा खंदक आहे आणि त्याच गावाला राष्ट्रकूट काळातला जगत्तुंग तलाव आहे. औशाजवळचं खरोशाचं लेणं तर जांभ्या दगडात कोरलेलं. लेणं म्हणजेही डोंगरातून काढून टाकलेला दगडच, फक्त काढणाऱ्याला काय ठेवायचं ते ठाऊक होतं. त्या किल्ल्यांच्या तटांवर आज पिंपळ आणि उंबर उगवले आहेत. ते बघून पुरातत्त्वाच्या माणसांचा जीव खालीवर होतो, आणि त्यांचं बरोबरच आहे. मूळ आत शिरलं की चिरा निसटतो. तेच झाड, तसाच काळा पाषाण, तीच चीर. तटावर झाडामुळे पडझड होते आणि दोन कोसांवरच्या खाणीत त्याच्यामुळेच कड्याला सावली मिळते. झाडाला यातलं काही माहीत नसतं.

बंद खाण बघितली की चांगल्या माणसांना पहिल्यांदा सुचतं ते झाडं लावायचं. खड्डे घ्या, रोपं आणा, टँकरनं पाणी घाला. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींनी टाकलेल्या मातीच्या डोंगरांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ मोठ्या प्रमाणावर लावली गेली. ती भराभर वाढली, डोंगर हिरवे दिसायला लागले, माती वाहायची थांबली. पण तिच्या पानांचा जाड थर खाली साचतो, त्यातून गवत डोकं काढत नाही, आणि शेजारच्या जंगलातलं बी आलं तरी त्याला भुई सापडत नाही. आपल्याकडेही गिरिपुष्प आणि सुबाभूळ यांच्या रांगा लावून खाण झाकण्याचा मोह होतो. घाईनं लावलेलं हिरवं पुढं येऊ घातलेल्या हिरव्याची वाट अडवून बसतं. शिवाय हा मुलूख मुळात दाट जंगलाचा नाही. किनवट-माहूरकडचं सागवान सोडलं तर हा गवताचा, बाभळीचा, विरळ झाडांचा मुलूख. त्याला त्याचं गवत परत मिळालं तर पुष्कळ झालं.

याचा अर्थ खाण बंद केली, पाठ फिरवली, संपलं, असाही नाही. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमीन वेड्या बाभळीनं व्यापली होती. २००६ साली निसर्गअभ्यासक प्रदीप कृष्ण यांनी तिथं ती काढून टाकायचं काम सुरू केलं. खडकाच्या भेगांत खोल गेलेलं तिचं मूळ काही केल्या निघेना. शेवटी ते काम केलं पिढ्यानपिढ्या वालुकाश्म काढणाऱ्या खाणकामगारांनी. ते खडकावर हातोडी ठोकून आवाज ऐकायचे आणि आत भेग कुठं आहे ते सांगायचे. वेडी बाभूळ निघाली, मग त्याच भेगांत मारवाडच्या खडकांवरची मूळची झाडं-झुडपं लावली गेली. हे वाचलं तेव्हा दगडाची शीर ओळखणारे मामा डोळ्यांसमोर आले. आमच्याकडे दगड फोडणारे हात खाण बंद झाली की ऊसतोडीला जातात, पुण्याला बांधकामावर जातात. डोंगर कुठं ठिसूळ, पाणी कुठून झिरपतं, मुरूम कुठल्या अंगाला खोल आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. खाण भरून येत असताना तिच्याकडे लक्ष ठेवायचं काम त्यांना मिळावं, त्याची मजुरी मिळावी, असं मला मनापासून वाटतं. पहिली पाच-सात वर्षं वेड्या बाभळीची रोपं लहान असतानाच उपटणं, गाजरगवत फुलायच्या आत काढणं, शेळ्यांना दोन पावसाळे थोपवणं, आणि पाण्याच्या बाजूचा ताठ कडा उतरता करणं. बाकीचं वारा, पाखरं आणि मुंग्या करतात.

त्या शेवटच्या कामाबद्दल थोडं बोललं पाहिजे. पाण्यानं भरलेली खाण वरून सुंदर दिसते, निळी-हिरवी, शांत. पण तिच्या कडा सरळ तुटलेल्या असतात, पाय ठेवायला उतार नसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला गेलेली पोरं अशा खाणींत बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. म्हशी पाणी प्यायला उतरू शकत नाहीत, बगळ्याला उभं राहायला उथळ काठ मिळत नाही. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात साठलेलं पाणी असं कड्याखाली अडकून पडावं, हे बघवत नाही. एक बाजू पायऱ्या-पायऱ्यांनी उतरती केली, तिच्यावर कडेचाच मुरूम ओढून पसरला, तर गुरंही उतरतील, पाणकणीस आणि लव्हाळाही काठ धरतील, आणि पोरांना बाहेर यायला वाट राहील. यंत्र जागेवर असेपर्यंत हे काम सहज होणारं आहे. यंत्र गेल्यावर ते कुणाचंच राहत नाही.

खणणं नदीलाही चुकलेलं नाही. मांजरा बिलोलीच्या बाजूनं लाल वाळू घेऊन येते आणि कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. त्या वाळूला मोठी मागणी, म्हणून पात्रात जागोजाग खड्डे. डोंगर पुन्हा उगवत नाही, पण वाळू पुरानं येते, हा नदीचा मोठेपणा. मात्र पूर यायला नदी वाहती लागते. वर धरणं, बंधारे, आणि खाली रात्रीचा उपसा, यांत वाळूचा दांडा तयार व्हायला उसंतच मिळत नाही. उघड्या दांड्यावर अंडी घालणाऱ्या टिटवीला आणि नदी सुरयाला मग घाटाच्या फरशीवर जागा शोधावी लागते.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं खाणींबद्दल एक आदेश दिला. सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे. खाणीची परवानगी देताना अशी अट घालावी, की काम संपल्यावर खाणवाल्यानं ती जागा आणि खाणीमुळे बिघडलेली आसपासची जागा पुन्हा गवताळ करावी. चारा, झाडं-झुडपं आणि प्राणी यांना जगता येईल अशी करून द्यावी. वाचताना गवत हा शब्द न्यायालयाच्या तोंडून आलेला बघून मला फार बरं वाटलं. बागा करा, वृक्षारोपण करा, सुशोभीकरण करा, असं न म्हणता गवत आणा म्हटलं होतं. गाई-म्हशी पाळणाऱ्या माणसाला कळेल अशी ती अट. दावणीला चारा नसलेला वैशाख ज्यानं पाहिला आहे त्याला तिचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पण गवत आणायचं कुठून, हा प्रश्न आदेशात सुटत नाही. दुकानात पवन्याचं बी मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी ते याच डोंगराचं असणार नाही. ते बी शेजारच्या माळावर आहे. खाणीचा नकाशा काढतानाच त्यावर शेजारचा माळ काढला पाहिजे, आणि तो तोडायचा नाही असं तिथंच लिहिलं पाहिजे. खाण कुठपर्यंत जाईल हे आपण मोजून ठरवतो. ती कुठं थांबेल आणि तिच्याजवळ काय शिल्लक राहील, हेही त्याच वेळी ठरायला हवं.

मामांच्या खाणीवर यंदा गेलो तेव्हा पिंपळ कड्याच्या वर डोकावत होता. तळात पाणी भरपूर होतं. पण डोंगराच्या त्या न कापलेल्या अंगावर, जिकडून दिवाळीनंतर वारा येतो तिकडे, गवतात चुन्याच्या रेषा ओढलेल्या दिसल्या. चार कोपऱ्यांना चार दगड रंगवलेले. खाली गावात विचारलं तेव्हा कळलं की नवा पट्टा मागितला आहे, ग्रामपंचायतीचा ठराव अजून व्हायचा आहे. गायरान आहे, गावानं हो म्हटलं तर पुढं जाईल. मामा पारावर बसले होते. ते म्हणाले, “दगड काढू नका असं मी कसं म्हनू सर? दगडावरच जगलो. पन काढायचाच तर खालच्या अंगानं काढा म्हनावं. वरचं ठिवा. ग्रामसभेत मी बोलनार हाय, पन माझं कोन ऐकतंय? तुमी येता का?” मी तारीख विचारून घेतली. सभा पोळ्यानंतरच्या आठवड्यात आहे.